निवृत्त घोड्यांचे आश्रयस्थान

निवृत्त घोड्यांचे आश्रयस्थान म्हणजे वय, इजा, आजार किंवा कामाचा अभाव यांमुळे मालकाला नकोसे झालेले घोडे, तट्टे व खेचरे यांना कोणतेही काम न घेता, त्यांच्या आयुष्याच्या अखेरीपर्यंत सांभाळणारी जागा किंवा संस्था. पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावर बरे होऊन परत जावे अशी अपेक्षा असते, तर आश्रयस्थानात आलेले जनावर बहुधा परत जात नाही. या दोहोंतील मुख्य फरक हाच आहे. महाराष्ट्रात केवळ घोड्यांसाठी उभारलेल्या अशा जागा थोड्या आहेत. हे काम प्रामुख्याने पांजरापोळे, गोशाळा आणि गेल्या काही दशकांत स्थापन झालेल्या प्राणिकल्याण संस्था करीत आल्या आहेत. पांजरापोळ व गोशाळा यांची रचना मुळात गाई-बैलांसाठी असल्याने घोड्याला तेथे पाहुण्याचे स्थान असते आणि त्याच्या सांभाळातील बहुतेक अडचणी त्यातूनच निर्माण होतात.

घोडा नकोसा होण्याची कारणे

चांगली निगा राखलेला घोडा साधारणपणे २५ ते ३० वर्षे जगतो. त्याच्याकडून काम घेण्याचा काळ मात्र यापेक्षा बराच कमी असतो. शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षांचा असताना धावू लागतो आणि बहुधा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत त्याची कारकीर्द संपते. त्यानंतरही त्याचे सुमारे वीस वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. उत्तम वंशावळीच्या घोड्या व मोजके नर पैदाशीसाठी ठेवले जातात, तर काही घोडे अश्वारोहण शाळांत किंवा खासगी हौशी स्वारांकडे जातात. उरलेले एका हातातून दुसऱ्या हातात विकले जात शेवटी वरातीच्या किंवा पर्यटकांना फिरवण्याच्या कामाला लागतात. टांग्याचा घोडा अधिक वर्षे राबतो. परंतु डांबरी व सिमेंटच्या रस्त्यांमुळे त्याचे सांधे व खूर लवकर खराब होतात.

दुसरे कारण कामच नाहीसे होणे हे आहे. रिक्षा, मालवाहू टेम्पो व मोटारसायकल यांनी टांगा, छकडा आणि ओझ्याचे तट्टू यांची जागा घेतली. पशुगणनेनुसार भारतात २०१२ मध्ये घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ६.२५ लाख होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३.४२ लाख भरली. सात वर्षांतील ही घट सुमारे ४५ टक्के आहे.

तिसरे कारण खास भारतीय आहे. घोड्याच्या खरेदीत अंगावरील भोवरे व पांढऱ्या खुणा यांना मोठे महत्त्व दिले जाते. 'देवमण' असलेला किंवा 'पंचकल्याणी' घोडा शुभ मानला जातो व त्याला चढा भाव मिळतो. याउलट अशुभ समजल्या जाणाऱ्या जागी भोवरा असेल, तर धडधाकट जनावरालाही गिऱ्हाईक मिळत नाही. अशा घोड्याचे वय झालेले नसते आणि त्याला आजारही नसतो. तरी तो मालकाला जड होतो.

युरोपातील काही देशांत जुना घोडा खाटिकखान्यात जातो. भारतात तो मार्ग कायद्याने बंद आहे, कारण अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार कत्तलीस मान्यता असलेल्या जनावरांत घोडा व गाढव यांचा समावेश नाही. त्यामुळे निरुपयोगी घोड्याला बाजारात जवळजवळ मोल उरत नाही. ज्याच्याकडे दुसऱ्या घोड्यासाठीही चारा नाही असा मालक जुन्या घोड्याला गावाबाहेर, महामार्गालगत किंवा नदीकाठी सोडून देतो. बेवारस घोड्यांचे अपघात, प्लास्टिक खाऊन होणारी पोटदुखी व उपासमार या सर्वांचे मूळ येथे आहे.

पांजरापोळ परंपरा

जनावराला त्याच्या उपयोगानंतरही पोसावे ही कल्पना पश्चिम भारतात जुनी असून तिला जैन व वैष्णव व्यापारी समाजाचा मोठा आधार मिळाला. सुरत येथील जनावरांच्या रुग्णालयाविषयी अठराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. त्या वर्णनांत बैल, शेळ्या-मेंढ्या व पक्षी यांच्याबरोबर घोडे व खेचरे यांचाही उल्लेख येतो.

मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढल्यानंतर पारशी समाजात तीव्र असंतोष पसरून दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथे मुंबई पांजरापोळ स्थापन झाले. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्था मुंबईत सुरू झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे उभारलेले बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालय हे तिचे महत्त्वाचे कार्य ठरले. त्या काळी मुंबईची प्रवासी व मालवाहतूक घोडे व बैल यांच्यावर चालत होती. ट्रामगाड्यासुद्धा घोडेच ओढीत. त्यामुळे लंगडा किंवा जखमी घोडा हा या संस्थांच्या नित्याच्या कामाचा भाग होता.

खानदेश

तापीच्या खोऱ्यात घोड्यांच्या खरेदी-विक्रीची मोठी परंपरा आहे. शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. अलीकडच्या वर्षांत 'चेतक फेस्टिव्हल' या नावाने तो देशभर ओळखला जाऊ लागला. सारंगखेडा पूर्वी धुळे जिल्ह्यात होते; १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहे. मारवाडी, काठियावाडी व पंजाबी जातींची जनावरे येथे येतात. त्यांची चाल, उंची, कानांची ठेवण, भोवरे आणि नाच पाहून भाव ठरतो, तर दात पाहून वय ओळखले जाते. बाजारात येणारा घोडा बहुधा तरणा असतो. म्हाताऱ्या घोड्याला हा बाजार फारसा विचारत नाही. त्यामुळे यात्रेच्या झगमगाटात घोड्याच्या उत्तरायुष्याचा प्रश्न दिसत नाही.

खानदेशातील घोडे मुख्यतः तीन प्रकारच्या मालकांकडे असतात. पहिला प्रकार हौशी शेतकरी व व्यापारी यांचा. दुसरा लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी भाड्याने देणाऱ्यांचा. त्यांची कमाई काही महिन्यांचीच असते; चारा मात्र वर्षभर लागतो. तिसरा प्रकार मेंढपाळांचा. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळ पावसाळ्यानंतर कळपांबरोबर दूरवर जातात आणि त्यांचा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. सतत चालत राहणाऱ्या वाड्याला चालू न शकणारे जनावर सोबत ठेवता येत नाही, ही अडचण दयामायेच्या अभावातून आलेली नाही.

जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील सावदा हे याच खोऱ्यातील नगरपालिका असलेले गाव आहे. पूर्वी ते तालुक्याचे ठिकाण होते आणि आज केळीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील सावदा स्थानक मूळ गावापासून काही किलोमीटर दूर आहे. स्थानक व गाव यांच्यात असे अंतर असलेल्या ठिकाणी एके काळी टांगा हे नित्याचे वाहन असे. केळीचा माल आता ट्रक व रेल्वे डब्यांतून जातो आणि शेतापासून रस्त्यापर्यंतचे कामही ट्रॅक्टरने होते. घोड्याला येथे कामधंद्याचे असे स्थान फारसे उरलेले नाही. तो वरात, मिरवणूक व हौस यांपुरताच राहिला आहे.

सावद्यासारख्या गावात बेवारस घोडा आढळल्यास पहिला थांबा कोंडवाडा हा असतो. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यातील 'गुरे' या शब्दाच्या व्याख्येत घोडे, घोड्या, तट्टे, शिंगरे, खेचरे व गाढवे यांचाही समावेश आहे. मूळ कायद्यानुसार कोंडलेले जनावर सात दिवसांत कोणी सोडवून नेले नाही, तर जाहीर सूचना काढली जाते आणि त्यानंतरच्या सात दिवसांतही मालक न आल्यास लिलाव होतो. ही तरतूद ज्याला किंमत आहे अशा जनावरासाठी केलेली आहे. लंगड्या म्हाताऱ्या घोड्यावर बोली लागत नाही. लागलीच तर ती त्याला पुन्हा गाडीला जुंपणाऱ्याची असण्याचा संभव असतो. अशा वेळी स्थानिक कार्यकर्ते जनावर पांजरापोळाकडे किंवा गोशाळेकडे सोपवण्याचा प्रयत्न करतात. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत पांजरापोळे असून ती व्यापारी समाजाच्या देणग्यांवर चालत आली आहेत. त्यांतील बहुसंख्य जनावरे अर्थातच गोवंशातील असतात. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि भाकड व म्हाताऱ्या गोवंशाला सांभाळण्याचा भार राज्यभरातील गोशाळांवर वाढला. घोड्यासाठी जागा मागणाऱ्याला या रांगेत मागे उभे राहावे लागते.

मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या

निवृत्त घोड्यांचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चेत आला तो मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांच्या खटल्यामुळे. प्राणिकल्याण संस्थांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी निकाल दिला. करमणुकीसाठी चालवल्या जाणाऱ्या या घोडागाड्या न्यायालयाने बेकायदा ठरवल्या व त्या एका वर्षात बंद करण्यास सांगितले. गाडीमालक व चालक यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचे निर्देशही शासनाला दिले. शासनाने पुढे आर्थिक साहाय्य व फेरीवाला परवाना अशा स्वरूपाचे पर्याय मांडले. मार्च २०२१ मध्ये त्याच जुन्या घडणीच्या, परंतु विजेवर चालणाऱ्या गाड्या दक्षिण मुंबईत सुरू करण्यात आल्या.

माणसांच्या पुनर्वसनासाठी मोजता येईल अशी योजना करता आली, तशी घोड्यांच्या बाबतीत करणे अवघड होते. बंदी मुंबईपुरती होती. तेथे काम गमावलेला घोडा शहराबाहेर विकला गेला, तर दुसऱ्या गावी पुन्हा गाडीला जुंपला जाऊ शकत होता. प्रत्येक घोड्याची नोंद, मालकाची संमती, ग्लँडर्सची तपासणी, वाहतूक आणि आश्रयस्थानातील पुढील दहा-पंधरा वर्षांचा खर्च यांची सांगड घातल्याशिवाय 'घोडे सोडवले' असे म्हणता येत नाही. काही घोडे प्राणिकल्याण संस्थांनी ताब्यात घेऊन आश्रयस्थानांत पाठवले.

माथेरानची परिस्थिती याहून वेगळी आहे. तेथे मोटारवाहनांना बंदी असून ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. त्यामुळे प्रवासी व सामान वाहण्यासाठी घोड्यांचा वापर चालू राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. पर्यायी वाहन रुळले की घोडे कमी होणार हे उघड आहे. परंतु मुंबईप्रमाणे येथे अकस्मात बंदी नसल्याने वयस्क घोडे टप्प्याटप्प्याने कामातून काढण्यास वाव आहे.

कायदेशीर तरतुदी

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा या विषयाचा पाया आहे. त्याच्या कलम ११ नुसार जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा परिस्थितीत वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे. आजारी किंवा अपंग जनावर रस्त्यावर मोकळे सोडणे आणि कामास अयोग्य जनावराला कामाला लावणे हेही गुन्हेच आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्यात मूळ तरतूद १० ते ५० रुपये दंडाची आहे. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९६० साली ठरवलेली ही रक्कम आज एका घोड्याच्या एका दिवसाच्या चाऱ्यालाही पुरत नाही.

कामाच्या घोड्यासाठी १९६५ चे नियम तपशीलवार आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक व सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असताना दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेऊ नये, तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा व गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा जास्त ओझे लादू नये असे त्यांत म्हटले आहे. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जात असल्याने दुपारच्या वेळेचा नियम तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो. काम संपलेल्या घोड्याचे पुढे काय करावे याविषयी मात्र हे नियम काहीच सांगत नाहीत.

जप्त केलेल्या जनावरांबाबत २०१७ चे नियम लागू होतात. खटला चालू असताना जनावर पांजरापोळ, गोशाळा किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे ठेवता येते व त्याचा खर्च आरोपीकडून घेण्याची तरतूद आहे. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असणे आणि तिला दवाखाना व निवाऱ्यासाठी जागा मिळणे अपेक्षित आहे.

सांभाळाची पद्धत

घोडा व गाय यांना एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी व धोकादायक चूक होय. गाय रवंथ करते, घोडा करीत नाही. घोड्याला ओकारी होत नाही. त्यामुळे खराब चारा पोटात गेला की तीव्र पोटदुखी होऊन तो काही तासांत दगावू शकतो. गाईला सोसणारा बुरसट कडबा घोड्याला चालत नाही. खानदेशात मुबलक असलेल्या मक्याला बुरशी लागली असल्यास तिच्या विषाने घोड्याच्या मेंदूला इजा होते. हिरव्या ज्वारीवर दीर्घकाळ चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा दाह व मागील पायांतील दुबळेपणा उद्भवतो. गुरांच्या काही तयार खाद्यांत मिसळले जाणारे मोनेन्सिन हे औषध तर घोड्याला अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक असते. म्हणून मिश्र पांजरापोळात घोड्यांची दावण, चारा व पाणी वेगळे ठेवावे लागते.

सुमारे ३५० ते ४०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो सुका चारा आणि २५ ते ४० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात पाण्याची गरज आणखी वाढते. काम बंद झाल्यावर पूर्वीचीच चंदी चालू ठेवल्यास घोडा अंगाने सुटतो व खुरांच्या आतील भागाला दाह होऊन कायमचा लंगडा होऊ शकतो. त्यामुळे हरभऱ्याची चंदी हळूहळू कमी करून गवतावर भर दिला जातो.

वृद्ध घोड्याच्या बाबतीत दातांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. त्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत व झिजत राहतात. झीज असमान झाली की कडा धारदार होऊन गाल व जीभ कापतात. घोडा चारा चावून त्याचे ओले गोळे खाली टाकू लागतो आणि दावण भरलेली असतानाही खंगत जातो. पशुवैद्याकडून दाढा कानशीने घासून घेणे हा यावरचा उपाय आहे. विशीच्या पुढे दाढा संपत आल्यावर चारा बारीक करून व भिजवून द्यावा लागतो. निवृत्त घोड्याचे नाल बहुधा काढून टाकतात. तरीही दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटावे लागतात. टांगे गेले तसे नालबंदही कमी झाले असून लहान गावांत कुशल नालबंद मिळणे कठीण झाले आहे. घोडा धनुर्वाताला अतिशय लवकर बळी पडतो, म्हणून लसीकरण चुकवता येत नाही. खरारा, सावली, मऊ जमीन आणि आणखी एखाद्या घोड्याची सोबत या गोष्टीही गरजेच्या आहेत. घोडा कळपाचे जनावर आहे. एकटा ठेवल्यास तो अस्वस्थ होतो व पुष्कळदा खाणे कमी करतो.

नवा घोडा दाखल होताना काही काळ वेगळा ठेवून त्याची ग्लँडर्सची तपासणी करणे आवश्यक असते. बर्कहोल्डेरिया मॅलेई या जिवाणूमुळे होणारा हा रोग घोड्यांकडून माणसांनाही होऊ शकतो. त्यावर लस नाही व बाधित जनावरावर उपचार न करता त्याला दयामरण देण्याचे धोरण आहे. रक्तनमुन्यांची तपासणी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. एक बाधित घोडा आत आला तर संपूर्ण आश्रयस्थान धोक्यात येते. ऑगस्ट २०२२ मध्ये सावद्याजवळच्या चिनावल येथे गुरांतील लम्पी त्वचारोग आढळला. तो घोड्यांचा रोग नसला, तरी नव्या जनावराला वेगळे ठेवण्याचे महत्त्व त्या साथीने या भागातील पशुपालकांच्या चांगलेच लक्षात आणून दिले.

इतर ठिकाणची उदाहरणे

लंडनमध्ये १८८६ साली ॲन लिंडो यांनी भाडोत्री गाड्यांच्या घोड्यांसाठी विश्रांतिगृह सुरू केले. गरीब गाडीवानाचा घोडा काही आठवडे येथे विसावा घेई आणि त्या काळात गाडीवानाचा रोजगार बुडू नये म्हणून त्याला दुसरा घोडा दिला जाई. मालकाला दोषी न ठरवता त्याची अडचण सोडवणारी ही पद्धत आजही अनुकरणीय मानली जाते. अमेरिकेत निवृत्त शर्यतीच्या घोड्यांची निगा न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल तुरुंगातील कैद्यांकडे सोपवण्याचा प्रयोग १९८० च्या दशकात सुरू झाला. त्याच देशात २००७ साली घोड्यांचे शेवटचे खाटिकखाने बंद झाले. तथापि त्यानंतर घोडे कत्तलीसाठी कॅनडा व मेक्सिकोत नेले जाऊ लागले.

भारतात निलगिरीतील मसिनगुडी येथे घोडे व गाढवे यांना आश्रय देणारी संस्था आहे. महाराष्ट्रात सांगली येथे २००३ मध्ये सुरू झालेली 'ॲनिमल राहत' ही संस्था कामाच्या बैलांबरोबर घोडे, तट्टे व गाढवे यांच्यावर मालकाच्या दारी उपचार करते आणि निवृत्त जनावरांसाठी आश्रयस्थानही चालवते. उपचारांमुळे जनावर जास्त काळ धडधाकट राहते व त्याला सोडून देण्याची वेळ उशिरा येते. आश्रयस्थानातील जागा नेहमीच अपुऱ्या असल्याने या कामाचे मोल मोठे आहे.

दयामरणाचा प्रश्न

गोशाळा व पांजरापोळे यांच्या परंपरेत जनावराला मारणे, कारण कोणतेही असो, निषिद्ध मानले जाते. पाश्चात्त्य अश्वकल्याण संस्था मात्र असह्य वेदनांतून सुटका करणे हा सांभाळाचाच भाग समजतात. डोरोथी ब्रुक या १९३० मध्ये कैरोला गेल्या, तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने विकून टाकलेले घोडे तेथे हलाखीत राबताना त्यांना आढळले. १९३१ मध्ये लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ला त्यांनी पाठवलेल्या पत्रानंतर देणग्या जमल्या व त्यांतून सुमारे पाच हजार घोडे विकत घेण्यात आले. त्यांतील बहुतेकांची अवस्था इतकी वाईट होती, की काही दिवस पोटभर चारा व विश्रांती देऊन त्यांना वेदनारहित मरण देण्यात आले. १९३४ मध्ये कैरोत स्थापन झालेल्या रुग्णालयातून पुढे 'ब्रुक' ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. ती भारतातही काम करते.

भारतीय कायद्याने १९६० च्या अधिनियमातील कलम १३ मध्ये याला मर्यादित परवानगी दिली आहे. जनावर जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल अशी खात्री पटल्यास त्याला मारण्याचा आदेश देता येतो; त्यासाठी पशुवैद्याचे मत घेण्याची पद्धत आहे. मोडलेला पाय हे याचे नेहमीचे उदाहरण होय. घोडा दीर्घकाळ आडवा राहू शकत नाही आणि तीन पायांवर उभे राहिल्यास उरलेल्या पायांच्या खुरांवर ताण येऊन तेही निकामी होतात. त्यामुळे गाईच्या तुलनेत त्याचे मोडलेले हाड जुळवणे अवघड असते. प्रत्यक्षात अनेक पांजरापोळांत अशा घोड्याला वेदनाशामके देत, झोळीच्या आधाराने उभे करून शेवटपर्यंत सांभाळले जाते. निर्णय कोणी घ्यावा हे आधी ठरवलेले नसल्यास तो रात्री कामावर असलेल्या एकट्या मोतद्दारावर येऊन पडतो. म्हणून काही संस्था घोडा दाखल करून घेतानाच मालकाची लेखी संमती व पशुवैद्याचे नाव नोंदवून ठेवतात.